वेणूमावशींचं कापलेलं कडवं

वेणूमावशी गेल्याचं मला दुकानात कळलं. सकाळचे साडेदहा वाजले असतील. एका फोनची फुटलेली काच काढत बसलो होतो. वेल्ह्याहून आलेल्या एसटीतून उतरलेला एक ओळखीचा माणूस दारातूनच म्हणाला, "तुमची ती गानारी म्हातारी गेली म्हनं पहाटं. मार्गासनीला गाडी थांबली तवा लोक बोलत व्हते." मी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि खात्री करायची म्हणून त्यांच्या मुलाला, दत्ताला फोन लावला. दत्ता फोन उचलेपर्यंत पलीकडून वेणूमावशीच गात होत्या. दत्तानं आईचं गाणं कॉलरट्यून म्हणून ठेवलेलं मला माहीत होतं, मीच ते लावून दिलं होतं. तरीही त्या सकाळी तो आवाज ऐकताना काय बोलायचं ते ठरवता येईना. गाणं मध्येच तुटलं आणि दत्ता म्हणाला, "व्हय, अनिलभाऊ. न्हाई उठली आज." एवढंच.

याला पाच आठवडे झाले. नसरापुरात मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या माणसानं लेख लिहावा असं काही नाही. मावशींचं गाणं ज्यांनी लग्नांमधून ऐकलं ते माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. पण त्यांच्याबद्दलची एक गोष्ट फक्त मला माहीत आहे आणि ती माझ्याच विरोधात जाणारी आहे. मी लिहिली नाही तर ती राहूनच जाईल.

वेणूमावशी मार्गासनीच्या पुढच्या एका वाडीतल्या. नवरा शेती करायचा, चार खाचरं भाताची, दोन म्हशी. मावशींचा गळा वाडीत, मग गुंजवणीच्या खोऱ्यात आणि पुढं पार भोरपर्यंत माहीत झाला तो हळदीच्या गाण्यांनी. कुणाच्याही घरी लग्न ठरलं की आधी मांडववाल्याला सांगायचं आणि मग वेणूबाईला. पस्तिशीत असताना त्यांच्या गाण्याची कॅसेट निघाली. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीचे शेठ एका लग्नाला आले होते, त्यांनी मावशींना ऐकलं आणि पुण्याला बोलावलं. मावशी तो प्रसंग फार रंगवून सांगायच्या नाहीत. खोलीच्या भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे लावलेले होते, पंखा बंद करायला लावला होता आणि घामानं कुंकू ओघळलं, एवढंच सांगायच्या. पहिली कॅसेट जत्रांमधून भरपूर खपली. दुसरीही निघाली. कव्हरवर फोटो कुठल्याशा नटलेल्या मुलीचा होता, मावशींचं नाव मागच्या बाजूला बारीक अक्षरात. तिसरी निघायची होती, पण निघाली नाही. का नाही, ते त्यांना कुणी सांगितलं नाही. शेठचा फोन लागेनासा झाला आणि मावशी पुन्हा फक्त वाडीतल्या हळदींना गाऊ लागल्या.

आता माझ्या दुकानाकडे येतो. साधारण पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा माझ्या दारावर पाटी होती, 'मोबाईलमध्ये गाणी भरून मिळतील'. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना सांगायला नको. लोकांकडे फोन आले होते, फोनमध्ये नखाएवढं मेमरी कार्ड होतं, पण इंटरनेट नव्हतं. ते माझ्या कॉम्प्युटरवर होतं. बाजाराच्या दिवशी वेल्ह्याच्या, पानशेतकडच्या, भोरच्या गाड्या येऊन थांबल्या की माणसं थेट माझ्याकडे. कार्ड काढायचं, रीडरमध्ये घालायचं, "काय भरू?" भक्तिगीतं, लावण्या, हिंदी जुनी, हिंदी नवी, हळद. मी पाहिजे ते नेटवरून उतरवून घ्यायचो. कुणी गायलं, कुणी लिहिलं, कुणाचं आहे, असले प्रश्न मला कधी पडले नाहीत आणि कुणी विचारलेही नाहीत. भोरच्या स्टँडजवळ कॅसेटचं एक मोठं दुकान होतं. त्याचा मालक एकदा माझ्याकडे येऊन नुसता उभा राहिला, गर्दी बघितली आणि गेला. पुढच्या वर्षी तिथं चपलांचं दुकान झालं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. जमाना बदलतो, असं मी तेव्हा म्हणायचो.

माझ्याकडचं सगळ्यात जास्त मागणी असलेलं गाणं होतं, 'हळद नंबर एक'. हे नाव मीच दिलेलं. वेल्ह्याचा एक गिऱ्हाईक कव्हर नसलेली एक कॅसेट घेऊन आला होता, म्हणाला, आईला आवडती, मोबाईलमध्ये घालून द्या. मी टेपला वायर लावून ते गाणं कॉम्प्युटरवर उतरवलं. गाणं सुंदर होतं, 

गुंजवणीच्या पान्या, थांब रं घाटाला,
लेक माजी निगाली परक्याच्या वाटंला.

पण तिसऱ्या कडव्यापाशी ढोलकी थांबायची आणि ती बाई नुसत्या गळ्यानं गायची. हळदीत पोरं नाचत असतात. ढोलकी थांबली की गाणं संपलं असं वाटणार. म्हणून मी ते कडवं कापून टाकलं, दोन टोकं जोडली, खाली थोडा ठेका वाढवला. आणि तेवढ्यावर न थांबता गाणी ठेवायची जी एक साईट होती, तिथं चढवूनही दिलं. महिन्याभरात ते गाणं चाकणच्या, साताऱ्याच्या टेम्पोंमधून वाजायला लागलं. मला अभिमान वाटायचा.

एका बाजारच्या दिवशी दुकानाबाहेरच्या स्पीकरवर हेच गाणं चालू होतं. हिरवं लुगडं, हातात भाजीची पिशवी अशी एक बाई पायरीशी येऊन थांबल्या. गाणं पुरं होईपर्यंत हलल्या नाहीत. मग विचारलं, "ही कोन गाती?"

"माहीत नाही, मावशी. नेटवरचं आहे."

"म्या हाय ती."

दुकानातली दोन-तीन गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ह्यात एक कडवं न्हाई. तिसरं." आणि तिथंच, पिशवी हातात तशीच धरून, गायल्या.

हळदीचं ह्ये बोट कुनाच्या पदरा पुसावं,
सांजंच्या घरात म्या कुनासंगं बसावं.

गिऱ्हाइकं त्यांच्याकडे बघत राहिली. आवाज तोच होता, वयानं थोडा जाड झालेला. पण मला आवाजाची साक्ष नको होती. ते कडवं त्या दुकानात फक्त मला माहीत होतं, कारण ते मीच कापलं होतं. मी म्हणालो, "साईटवर असंच आलंय, मावशी. कुणीतरी कापलं असेल." त्यांनी माझ्याकडे बघितलं, "असंल," म्हणाल्या आणि वेल्ह्याची गाडी लागली होती तिकडं गेल्या.

पुढच्या बाजाराला त्या परत आल्या. मला वाटलं भांडायला आल्या. पण त्यांचं काम वेगळं होतं. "माजी तिसरी कॅशेट त्या शेठकडं ऱ्हायली. तू शिकलेला हाईस. माज्यासंगं पुन्याला चल. त्याला हुडकू." मी नाही म्हणू शकलो नाही. का, ते मला माहीत होतं.

शेठ सापडले. जागा तीच होती, गल्ली तीच होती, पण दुकानावर नळ आणि पाईप टांगलेले होते. माणूस थकलेला होता, सभ्य होता. त्यांनी मावशींना लगेच ओळखलं, खुर्ची दिली, चहा सांगितला. तिसऱ्या कॅसेटचं विचारलं तेव्हा म्हणाले, "वेणूबाई, रेकॉर्डिंग झालं, पण काढून विकायची कुणाला? दुकानदार माल परत पाठवायला लागले. ऐकणारे दहापट झाले आणि घेणारा एक उरला नाही. ढोलकीवाला, बाजावाला, कव्हर छापणारा, सगळ्यांना घरी बसवलं. शेवटी मी पण बसलो." टेपांना बुरशी लागली होती, जागा रिकामी करताना भंगारात गेल्या, असंही त्यांनी सांगितलं. आधीच्या दोन्ही कॅसेटचे हक्क मुंबईच्या एका कंपनीला देऊन टाकले होते. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही काय करता?"

"मोबाईलचं दुकान आहे. नसरापूरला."

"गाणी भरून देता?"

मी मान हलवली.

शेठ मावशींना म्हणाले, "मी तुम्हाला फसवलं असं तुम्हाला इतकी वर्षं वाटत असेल. पण आपल्या दोघांना बाजारातून ज्यांनी उठवलं, ते हे इथं बसलेत." आवाज चढलेला नव्हता. म्हणून जास्त लागलं. मावशी कपातला चहा संपवून म्हणाल्या, "त्यानंच मला हितवर आनलं, शेठ. त्येचं त्यो बगंल." निघताना शेठनी माळ्यावरून शोधून पहिल्या कॅसेटची एक जुनी प्रत त्यांना दिली. कव्हरसकट.

परतीच्या एसटीत कात्रजचा घाट उतरल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. कॅसेट कुणी आणली, वायर कशी लावली, कडवं का कापलं, साईटवर कुणी चढवलं. मावशी खिडकीबाहेर बघत ऐकत होत्या.

"मला पयल्याच दिशी कळलं व्हतं," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"म्या कडवं म्हनले तवा बाकीचे माज्याकडं बगत व्हते. तू खाली बगितलंस."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलतूस का बगत व्हते." मग म्हणाल्या, "आता त्ये कडवं जाग्यावर लाव."

तेवढंच. या बाईनं मला पुढं कधी त्यावरून टोमणा मारला नाही. पण काम मात्र करून घेतलं. शेठनी दिलेल्या कॅसेटवरून मी पुन्हा सगळं उतरवलं, पाचही कडवी, ठेका न वाढवता. माझ्या कॉम्प्युटरवर, गिऱ्हाइकांच्या कार्डांवर, 'हळद नंबर एक'च्या जागी 'वेणूबाई, गुंजवणीच्या पान्या' असं नाव घातलं. काही गिऱ्हाइकं तक्रार घेऊन आली, गाणं मध्ये थांबतंय म्हणून. मी सांगायचो, ते असंच आहे. जुनं कापलेलं गाणं मात्र साईटवरून काढता आलं नाही. मी एक ठिकाणी काढायला सांगितलं तोवर ते दहा ठिकाणी गेलेलं होतं, आणि तिथं सांगायचं कुणाला तेही कळत नव्हतं. एकदा सुटलेली गोष्ट परत गोळा करता येत नाही हे मला तेव्हा समजलं.

पुढं इंटरनेट स्वस्त झालं आणि प्रत्येकाच्या हातात आलं. एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंत माझ्याकडे गाणी भरायला येणारी माणसं संपली. बाजाराच्या दिवशी गाड्या तशाच येत, माणसं उतरत आणि माझ्या दुकानावरून पुढं निघून जात. चालता चालता त्यांच्या खिशात गाणं वाजत असे. मी पाटी उतरवली त्या आठवड्यात मावशी आल्या. भिंतीवर पाटीचा पांढरा चौकोन राहिला होता, तो बघून म्हणाल्या, "तुजंबी झालं व्हय?" मला वाटलं आता त्या शेठचं नाव काढतील. पण त्या पायरीवर बसल्या आणि विचारलं, "मंग आता काय करनार?"

"दुरुस्ती शिकतोय. काच बदलणं, बॅटरी, चार्जिंगचा पॉईंट."

"बरं हाय. हाताचं काम त्या नेटवरनं येत न्हाई." आणि पिशवीतून काकड्या काढून काउंटरवर ठेवल्या.

त्याच सुमाराला मी त्यांची पाच कडव्यांची हळद एका मोठ्या साईटवर रीतसर, त्यांच्या नावानं चढवली. दोन दिवसांत ती उडवली गेली. कारण दिलं होतं की हे गाणं दुसऱ्याच्या मालकीचं आहे. शेठनी हक्क विकले होते त्या मुंबईच्या कंपनीनं तोवर स्वतःच ते गाणं तिथं ठेवलं होतं, आणि त्यांच्याकडे गायिकेचं नावच नव्हतं. नुसतं 'हळदीचं गाणं' म्हणून होतं. मी मावशींना समजावून सांगायचा प्रयत्न केला, की तुमचंच गाणं तुम्ही लावलंत म्हणून काढलं. त्यांना ते दोनदा सांगावं लागलं. कळल्यावर म्हणाल्या, "हक्क त्येंचा आसंल तर आसू दे. कागूद झालाय त्यो झालाय. पन नाव तर माजं हाय का न्हाई?"

म्हणून आम्ही पत्र लिहिलं. मावशींच्या पडवीत बसून, त्यांनी सांगायचं आणि मी लिहायचं. मी विचारलं, "गाणारी वेणूबाई, हे झालं. आता गाणं लिहिलं कुणी? तुम्हीच ना?"

सून मनीषा आत भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. मग मावशी म्हणाल्या, "माज्या आयचं हाय त्ये. चौदाची व्हते म्या, लगीन झालं तवा. बाप न्हवता. मी एकली लेक. आमच्या हळदीला तिनं जुळवलं आन् तिनंच म्हनलं. तिसरं कडवं म्हनाया लागली तवा ढोलकीवाल्याचा हात चालंना, त्यो थांबला. तवापासनं आमी तिथं ढोलकी थांबवतोय."

मी लिहायचा थांबलो. नाचात खोळंबा होतो म्हणून मी काय कापलं होतं ते मला त्या दिवशी, इतक्या वर्षांनी कळलं.

"कॅशेटवर तिचं नाव घालायचं म्या सांगितलंच न्हाई," मावशी म्हणाल्या. "कुनी इचारलं न्हाई आन् म्याबी बोलले न्हाई. माजं नाव यायचं याचंच लई वाटत व्हतं तवा. तू कापलंस आन् मीबी कापलंच की… लिही. गानं तान्हाबाईचं."

पहिल्या दोन पत्रांना उत्तर आलं नाही. तिसऱ्यानंतर मुंबईहून एका मुलीचा फोन आला. नीट बोलली, पुरावा मागितला. शेठनी दिलेल्या कॅसेटच्या कव्हरची मागची बाजू आम्ही फोटो काढून पाठवली, बारीक अक्षरातलं नाव होतं ती. चार-पाच महिन्यांनी बघतो तर नाव आलेलं. मी फोन घेऊन वाडीवर गेलो. मावशींना वाचायला फारसं यायचं नाही, पण स्वतःचं नाव ओळखता यायचं. त्यांनी स्क्रीनवर त्या अक्षरांखालून बोट फिरवलं. बोट लागून पानच वर सरकलं, मी पुन्हा खाली आणून दिलं. मग विचारलं, "आयचं कुठंय?"

गीत या शब्दापुढे 'पारंपरिक' असं लिहिलं होतं. मी ते वाचून दाखवलं.

"ही कोन?"

"कुणी बाई नाही, मावशी. पारंपरिक म्हणजे जुनं. कुणी केलं ते माहीत नाही, असं."

"म्हायती हाय की. म्या सांगतीया न्हवं?"

आम्ही पुन्हा लिहिलं. पुन्हा कव्हर मागितलं गेलं, आणि कव्हरवर तर तान्हाबाईचं नाव नव्हतंच. त्या मुलीनं फोनवर सांगितलं, "काका, मला पटतंय, पण कागद पाहिजे." कागद कुठून आणायचा? तिथं आजही 'पारंपरिक'च आहे. हे माझ्याकडून झालं नाही, तेही इथं लिहून ठेवतो.

मावशींनी मग आपल्या परीनं एक सुरू केलं. हळदीत त्या गायला बसल्या की चारही बाजूंनी फोन वर व्हायचे. पूर्वी त्या तिकडं लक्ष द्यायच्या नाहीत. त्या पत्रानंतर मात्र, फोन वर झाले की त्या हात उचलायच्या. ढोलकीवाला थांबायचा. मावशी प्रत्येक फोनकडे बघून सांगायच्या, "म्या वेणू. गानं माज्या आयचं, तिचं नाव तान्हाबाई. आता घ्या." मगच गाणं. सुरुवातीला लोक हसले. पुढं पुढं पोरंटोरंच आधी ओरडायची, "तान्हाबाईचं!" गेल्या सहा-सात वर्षांत त्यांनी गायलेल्या हळदींचे जेवढे व्हिडिओ झाले असतील, तेवढ्या सगळ्यांत हे वाक्य आहे. ते कुणी काढून टाकायचं म्हटलं तरी आता सगळीकडून निघणार नाही.

शेवटचं वर्ष त्यांचं बसूनच गेलं. दम लागायचा, एका दमात ओळ पुरी व्हायची नाही. मी गेलो की फोन दाखवायला लावायच्या, कुठं काय वाजतंय ते ऐकायच्या. शेवटी शेवटी तेही नको म्हणाल्या. मनीषाशी मात्र बोलत असायच्या, हळू आवाजात, तिचं काम चालू असताना. मला वाटायचं घरातलं काही असेल.

गेल्या आठवड्यात वाडीत हळद होती. शेजारच्या घरातली मुलगी. तिची आई मनीषाकडे आली आणि दारात उभी राहून रडायलाच लागली, की वेणूबाईंशिवाय हळद कशी लावू. मनीषा म्हणाली, घरात असं झालंय, मी कशी येऊ. दत्ता बाहेरून म्हणाला, "जा तू. आईनं न्हाई म्हनलं नसतं." मला मनीषानंच बोलावून घेतलं होतं.

दुपारची वेळ. मांडवात बायका बसल्या, जातं, पाटा, हळदीची ताटली, सगळं मांडून झालं. मनीषा मधोमध बसली. ढोलकीवाल्यानं थाप दिली आणि चारही बाजूंनी फोन वर झाले. मनीषानं हात उचलला. ढोलकी थांबली. "म्या मनीषा," ती म्हणाली. आवाज नीट निघाला नाही, म्हणून पुन्हा म्हणाली. "म्या मनीषा. गानं तान्हाबाईचं. तिच्या लेकीनं, वेणूबाईनं, माज्या सासूनं मला शिकवलं. आता घ्या."

इतक्या वर्षांत मी त्या मांडवांत कधी फोन काढला नव्हता, त्या दिवशी काढला. पण खिशातून काढून, चालू करून, धरेपर्यंत तिची नावं सांगून झाली होती. मी म्हणालो, "वहिनी, माझं राहिलं. पुन्हा एकदा सांगता का?"

बायका हसल्या. मनीषाही हसली, पदरानं डोळे पुसले आणि माझ्या फोनकडे बघून तिन्ही नावं पुन्हा पहिल्यापासून सांगितली.